मुठीआडचा गंज

माणसे मारण्यासाठी घडवलेली वस्तू निव्वळ सुंदर आहे म्हणून घरात जपावी काय, हा प्रश्न तसा फारशा कुणाच्या वाटेत आडवा येणारा नाही. ज्यांच्या घरी असल्या वस्तू नाहीत त्यांना तो पडत नाही, आणि ज्यांच्या घरी आहेत त्यांना तो विचारलेला आवडत नाही. मी पहिल्या वर्गातला. भाजी चिरायच्या विळीपलीकडे धार असलेली वस्तू माझ्या घरात नाही. तरीही गेली काही वर्षे हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे, आणि त्याला कारण आमचे डॉक्टर.

डॉक्टर सांगलीचे. त्यांचा दवाखाना आता मुलगा चालवतो आणि डॉक्टर माडीवर बसून जपानी तलवारी पुसतात. सांगलीत हा छंद चमत्कारिकच म्हणायचा. आमच्या गावात छंद म्हणजे गाणे, नाटक, बुद्धिबळ, फार तर पत्ते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे सीतास्वयंवराचा खेळ उभा केला तेव्हापासून सांगलीकरांनी तलवारी पाहिल्या त्या बहुधा लाकडी, चंदेरी कागद चिकटवलेल्या. डॉक्टरांच्या तलवारी मात्र खऱ्या आहेत. एकूण चार. त्यांतली एकही त्यांनी जपानातून आणलेली नाही. कुठून आल्या म्हणून विचारले की ते म्हणतात, "साताऱ्यातून." आणि ते खरे आहे.

आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे म्हणतो. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे दोन भाग झाले, आसपासच्या संस्थानांचे मुलूख त्यांत मिसळले, आणि दक्षिण सातारा म्हणून जो निघाला त्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. या मुलखाच्या कोरडवाहू जमिनीने दोन पिके कधी चुकवली नाहीत, एक बाजरीचे आणि दुसरे शिपायांचे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाची ४६ माणसे एकट्या पहिल्या महायुद्धात कामी आली, आणि त्या गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाक गावी जपान्यांशी भिडली. पहिली बटालियन इटलीतले युद्ध आटोपून १९४६ साली थेट जपानातच पोचली. पराभूत जपानात जी राष्ट्रकुलाची फौज ठेवली होती, तिच्यातल्या ब्रिगेडियर थिमय्यांच्या ब्रिगेडमध्ये ती होती आणि त्या ब्रिगेडचा मुक्काम होता शिमाने प्रांतात. योगायोग असा की, तलवारीचे पोलाद ज्या लोहवाळूपासून गाळतात तिचा जपानातला सर्वांत नावाजलेला मुलूख हाच. दसऱ्याला शस्त्रे पुजणारी आमची माणसे त्या मुलखात जाऊन राहिली आणि जपान्यांचे शस्त्रसाठे मोडीत काढण्याचे काम त्या फौजेने केले.

तलवारी इकडे आल्या त्या अशाच वाटांनी. १९४५ साली जपान शरण आला तेव्हा, हरलेल्या अधिकाऱ्याने जिंकणाऱ्याच्या हाती तलवार द्यावी ही रीत जुनाट आहे, असे मॅकआर्थरचे मत पडले. माउंटबॅटनचे मत नेमके उलटे. आग्नेय आशियात प्रत्येक जपानी अधिकाऱ्याने आपल्या माणसांदेखत तलवार उतरवून दिली पाहिजे असा त्याने आग्रह धरला. फील्डमार्शल तेराउचीने ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगाव येथे आपल्या तलवारी त्याच्या स्वाधीन केल्या. अशा समारंभांतून तलवारींचे ढीग जमले, आणि त्या ढिगांतून कुणी सुभेदाराने, कुणी हवालदाराने एखादी घरी आणली. काही जपानी अधिकाऱ्यांनी तलवार देताना मुठीला लाकडाची चिपटी किंवा कापडाची पट्टी बांधली होती. तिच्यावर आपले नाव आणि गाव लिहिले होते. कुणी सांगावे, केव्हा तरी परत मिळेल, ही आशा.

डॉक्टरांच्या एका तलवारीला अशी चिपटी आहे. तिच्याविषयी पुढे लिहिणार आहे.

प्रथम सौंदर्याबद्दल. मी ते नाकारीत नाही. डॉक्टर म्यानातून पाते काढतात तेव्हा आपण बोलायचे नसते, कारण थुंकीचा अदृश्य तुषारही पोलादावर डाग पाडतो. बोट तर लावायचेच नाही. खिडकीच्या उजेडात पाते जरा तिरके धरले की धारेच्या कडेने एक धूसर पांढरी रेघ उमटते, कुठे सरळ, कुठे नागमोडी, कृष्णेवर पहाटे धुके असते तशी. ही रेघ कुणी काढलेली नसते. लोहार पात्याला मातीचा लेप देतो, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. मग ते लाल तापवून पाण्यात बुडवतो. पातळ लेपाखालची धार झटकन निवते आणि अतिकठीण होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. त्या दोहोंच्या ओढाताणीत पाते पाण्यातच वाकते. जपानी तलवारीचा तो डौलदार बाक पुष्कळसा त्या एका क्षणात घडतो. त्या क्षणी पाते तडकले तर महिन्यांची मेहनत फुकट जाते.

डॉक्टर म्हणतात, "यात पाप कुठे आहे ते मला दाखवा."

त्यांचा युक्तिवाद कच्चा नाही. १६०३ पासून १८६८ पर्यंत जपानात तोकुगावांचे राज्य होते आणि त्यातला बहुतेक काळ शांततेत गेला. त्या अडीचशे वर्षांत घडलेल्या कितीतरी तलवारी कमरेला लटकल्या, उतरल्या, पुन्हा लटकल्या, आणि रक्त न पाहताच जुन्या झाल्या. १८७६ साली त्या कमरेला बांधण्यावरच बंदी आली. अशी तलवार म्हणजे नुसती एक शक्यता, असे डॉक्टरांचे म्हणणे. घडून न आलेल्या गोष्टीबद्दल पोलादाला जबाबदार कसे धरणार?

परंतु माझी अडचण वेगळी आहे. त्या पात्यात जे जे म्हणून सुंदर आहे ते ते मारण्याच्या गरजेतून आले आहे. धार कठीण हवी, कारण ती हाडातून जायची आहे. पाठ चिवट हवी, कारण हाडावर आदळून पाते मोडता कामा नये. बाक हवा, कारण ओढीचा वार खोल जातो. तंबोऱ्याचा भोपळा पाहून आपण त्याला सुंदर म्हणतो आणि त्याच्या गोलाईत नादाची गरज आहे हे विसरत नाही. मग तलवारीचीच गरज विसरून तिची रेघ तेवढी पाहावी, असा हट्ट का? जपानी लोक स्वतः याबाबत आपल्या डॉक्टरांपेक्षा निर्भीड होते. देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर तलवारीची परीक्षा घेण्याची तिथे रीत होती, आणि अमुक तलवारीने एका घावात दोन धडे तोडली, असे पात्याच्या बुडावर कोरून, कधी सोन्याने भरून, नोंदवीत. असा लेख असलेल्या तलवारीला आज संग्राहक जास्त पैसे मोजतात. हे डॉक्टरांनीच मला सांगितले, आणि सांगताना त्यांचा आवाज किंचित उतरला, एवढे लिहिलेच पाहिजे.

पात्याचे बूड म्हणजे मुठीच्या आत शिरणारा भाग. आपल्या तलवारीत तो मुठीच्या पोकळीत लाखेने पक्का बसवलेला असतो. मूठ तापवल्याखेरीज तो दिसत नाही, आणि आपल्या कारागिराने तिथे काही लिहून ठेवल्याचे सहसा आढळतही नाही. जपानी मूठ एका बांबूच्या खुंटीवर उभी असते. खुंटी हळूच ठोकून काढली की मूठ हातात येते आणि आत पाते उघडे पडते. तिथे घडवणाऱ्याचे नाव असते, गाव असते, कधी साल असते. आणि तिथे गंज असतो. सबंध पात्यावर गंजाचा एक ठिपका दिसला तर ज्या माणसाला रात्रभर झोप येत नाही, तोच माणूस या भागावरच्या गंजाला हात लावीत नाही. हा काळसर गंज पाहूनच जाणकार तलवारीचे वय ओळखतो. तो घासून काढला की तलवारीची साक्ष पुसली गेली आणि तिची किंमतही गेली. या छंदाचा हा पहिला नियम मला फार मोलाचा वाटतो. बाहेर आरसा ठेवा, परंतु आत जे साठले आहे ते साठले तसे राहू द्या. डॉक्टर हा नियम पाळतात. फक्त तो पोलादापुरता पाळतात, अशी माझी तक्रार आहे.

मघाशी तंबोऱ्याचा दाखला दिला तो उगाच नव्हे. सांगलीपासून दोन-तीन कोसांवर मिरज आहे, आणि मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. ही वाद्ये करणारी घराणी शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारा. मराठी राज्य गेले, तलवारींचे गिऱ्हाईक आटले, आणि १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी त्याच हातांनी भोपळा आणि तुणीचे लाकूड घडवायला घेतले. जपानातही १८७६ च्या बंदीनंतर तलवारी घडवणारे लोहार सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. मिरजेच्या दुकानात शिरले की मला हटकून वाटते की, मी डॉक्टरांना जो प्रश्न विचारतो आहे त्याचे एक उत्तर या लोकांनी केव्हाच देऊन टाकले. मात्र हे उत्तर करणाऱ्याचे आहे. करणारा आपला हात दुसरीकडे वळवू शकतो. जे आधीच करून ठेवले आहे त्याचे काय करायचे, हे तंबोरा सांगत नाही. वितळवून टाकावे म्हणाल, तर हिदेयोशीने १५८८ साली शेतकऱ्यांच्या तलवारी जप्त केल्या तेव्हा त्यांच्या लोखंडाचे खिळे क्योतोच्या महाबुद्धाच्या मंदिराला लावणार असे जाहीर केले होते. कारण पुण्याचे दिले, हेतू शेतकऱ्यांना निःशस्त्र करण्याचा होता. शस्त्र नाहीसे करण्यातही हेतू पाहावाच लागतो.

आता ती चिपटी. डॉक्टरांनी पुण्याच्या एका जपानी जाणणाऱ्याकडून ती वाचून घेतली. एक आडनाव, एक नाव, आणि जपानच्या दक्षिणेकडचे एक गाव. तलवारीचे म्यान आणि मूठ लष्करी थाटाची असली तरी आतले पाते जुने आहे, दोन-अडीचशे वर्षांचे. पुष्कळ जपानी अधिकाऱ्यांनी घराण्यातले पाते लष्करी साजात घालून युद्धावर नेले होते. म्हणजे ही कुणाच्या तरी घरची वडिलोपार्जित वस्तू आहे. चिपटी वाचून सात वर्षे झाली. डॉक्टरांनी त्या गावी पत्र लिहिलेले नाही.

मी विचारतो. ते कायदा दाखवतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, हा १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, आणि तो आहे हे खरेच. पण पत्राला तो कायदा आड येत नाही. एके दिवशी मी कॉम्प्टनची गोष्ट काढली. वॉल्टर कॉम्प्टन हा अमेरिकेतला औषधांच्या धंद्यातला माणूस, जपानी तलवारींचा मोठा संग्राहक. कुनिमुने नावाच्या कारागिराची एक तलवार त्याच्या हाती आली आणि पुढे त्याला कळले की ही कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानची, राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेली, युद्धानंतरच्या गोंधळात नाहीशी झालेली तलवार आहे. १९६३ साली त्याने ती परत केली. पैसे घेतले नाहीत. डॉक्टरांना ही गोष्ट माझ्याआधीपासून ठाऊक होती. ते म्हणाले, "त्याच्यापाशी शेकड्यांनी होत्या हो. माझ्यापाशी चार आहेत."

हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि त्यात दया येण्यासारखे काही आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घराघरांत शिरले तेव्हा डॉक्टरांनी चारी तलवारी दुलईत गुंडाळून माडीवरून माळ्यावर नेल्या, आणि घरची दागिन्यांची पेटी आणायला सुनेला खाली जावे लागले. हे प्रेम आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, ते कशावर आहे? तलवारीवर आहे म्हणावे तर तलवारीबरोबर तो माणूसही येतो. तो कुणी शूर होता असे मी गृहीत धरीत नाही. कदाचित तो क्रूर असेल. ज्या सैन्याचा तो अधिकारी होता त्या सैन्याने ३० जानेवारी १९४४ रोजी अंदमानात होंफ्रेगंज येथे ४४ भारतीय माणसे उभी करून गोळ्या घातल्या. त्याच सैन्याच्या खांद्याला खांदा लावून आझाद हिंद सेनेतली आमचीच माणसे इंफाळकडे चालली होती. तेव्हा हे पाते शत्रूचे की मित्राचे हेसुद्धा कुठे उभे राहून पाहता यावर अवलंबून. डॉक्टरांना यातले काहीच नको असते. त्यांना लोहाराचे नाव हवे असते. धारकऱ्याचे नाव मुठीला बांधलेले असूनही नको असते, कारण लोहार मेला आहे आणि काही मागत नाही, आणि धारकऱ्याचा नातू मागू शकतो.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही दोघे कोरेगावच्या बाजूच्या एका खेड्यात गेलो. एका माजी सैनिकाच्या घरी जपानी तलवार आहे आणि ती विकायची आहे, असा निरोप होता. सैनिक जाऊन तीस वर्षे झाली. घरात त्यांची सून, ऐंशीच्या घरातल्या आक्का, आणि त्यांचा नातू. नातवाने आले लावले होते, त्यात मार खाल्ला होता आणि डोक्यावर कर्ज होते. जपानी तलवार परदेशात लाखांनी जाते हे त्याने कुठेतरी ऐकले होते. चहा झाला, आणि आक्कांनी देवघरातून तलवार आणली. डॉक्टरांनी ती पाहिली मात्र, त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू दाबावे लागले. सत्तर-पंचाहत्तर खंडेनवम्यांचे हळदकुंकू त्या पात्यावर होते. नांगर, कोयता, विळा, आणि त्यांच्या पंक्तीला ही तलवार, दरवर्षी पाण्याने धुऊन, हळदकुंकू लावून, फुले वाहून, ओलसरच म्यानात घातलेली. जिथे जिथे आक्कांचे बोट टेकले होते तिथे तिथे गंज धरला होता.

"हे कशाला लावलं, आक्का?" डॉक्टर कळवळून म्हणाले.

"आता लावायचं न्हाई तर! सासऱ्यांनी बर्मातनं आणलेली. दुसऱ्याच्या घरची हाय, तिला आपली करून घ्याया नगं?"

मी हे वाक्य तेव्हाच टिपून ठेवले. डॉक्टरांचे लक्ष त्याकडे नव्हते. त्यांनी नातवाची परवानगी घेऊन खुंटी काढली, मूठ उतरवली, आणि पात्याचे बूड उजेडात धरले. तिथे नाव नव्हते. एक लहानसा ठसा होता, कारखान्याचा. युद्धकाळात जपानात अशा तलवारी ढिगांनी निघाल्या. साधे पोलाद, तेलात बुडवून कठीण केलेले, मातीचा लेप नाही, पाण्यातला तो क्षण नाही, धुक्याची रेघ नाही. डॉक्टरांनी सगळे नीट सांगितले. ही जुनी नव्हे, लाखांची तर नव्हेच, काही हजारांची असेल, आणि मी अशा घेत नाही. नातू खाली मान घालून ऐकत राहिला.

आक्का म्हणाल्या, "म्हंजी खोटी हाय व्हय?"

"खोटी नाही, आक्का."

"मग?"

या 'मग'चे उत्तर डॉक्टरांपाशी नव्हते. माझ्यापाशीही नव्हते. वस्तुतः त्या दिवशी त्या ओसरीवर होती तेवढी खरी तलवार डॉक्टरांच्या माडीवर नाही. ती ब्रह्मदेशात एका माणसाच्या कमरेला होती, ती त्याने उतरवून दिली, ती एका सातारकराने आगगाडीतून घरी आणली. सजावट म्हणून तिच्यात काही नाही. जे आहे ते काम आहे, आणि ते काम मारण्याचे आहे. म्हणूनच ती कुणाला नको. कलेच्या प्रेमाने तलवारी जमवणाऱ्याला कला नसलेली तलवार पुढे येताच जो संकोच होतो, त्यात त्याच्या सबंध छंदाची परीक्षा आहे असे मला वाटते. आणि हा संकोच एकट्या डॉक्टरांचा नाही. जपानचा १९५८ चा कायदा तेच म्हणतो. जुन्या रीतीने घडवलेली, कला म्हणून मोल असलेली तलवार तिथे नोंदवता येते. कारखान्यात निघालेली लष्करी तलवार नोंदवता येत नाही, ती नुसते हत्यार ठरते आणि ठेवता येत नाही. एवंच, ज्या तलवारीवर पत्ता आहे ती भारताच्या कायद्याने बाहेर जात नाही, आणि आक्कांची तलवार जपानच्या कायद्याने आत जात नाही. युद्धाने आणलेल्या त्या वस्तूला तिच्या मायदेशात जागा नाही. जागा आहे ती कोरेगावच्या बाजूला एका देवघरात, कोयत्याशेजारी.

खोटी की खरी, हा प्रश्न सातारकरांना नवा नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात दर्शनाला आली. ती ग्रँट डफकडून तिकडे गेलेली. अफजलखानाच्या वेळची हीच, असे निश्चित सांगता येत नाही, असे खुद्द ते संग्रहालयच म्हणते. मीही ती पाहायला गेलो होतो. माझ्या पुढे एक म्हातारबुवा पायताण काढून उभे होते. त्यांना कागदपत्रांची गोष्ट सांगणे मला त्या वेळी असभ्यपणाचे वाटले, आणि अजूनही वाटते. जलमंदिरातल्या भवानी तलवारीची दसऱ्याला पालखीतून मिरवणूक निघते, तेव्हाही तिचे पोलाद कुठले असे कुणी विचारीत नाही. मराठ्यांच्या कितीतरी उत्तम तलवारींची पाती युरोपातून आलेली, म्हणून तर आपण त्यांना फिरंग म्हणत आलो. परक्याचे पाते, आपली मूठ. आक्कांनी त्याहून फार निराळे काय केले?

तरी मी आक्कांच्या बाजूने निकाल देऊन मोकळा होत नाही. पूजा हीसुद्धा विसरण्याची एक तऱ्हा आहे. कुंकू लावले की हत्यार देव होते, आणि देवाला कुणी विचारीत नाही की तुझ्याने कोण मेले. डॉक्टर रेघ पाहून विसरतात, आक्का कुंकू लावून विसरतात. फरक असलाच तर एवढा की, दुसऱ्याच्या घरची वस्तू आहे हे आक्कांच्या बोलण्यात तरी शिल्लक होते.

परतताना गाडीत मी डॉक्टरांना विचारले, "आत जुने पाते निघाले असते, पाच-सहाशे वर्षांचे, नामांकित हाताचे, तर त्या पोराला खरी किंमत सांगितली असती का?"

रहिमतपूरचा फाटा मागे पडेपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगितली असती." आणि थोड्या वेळाने, "पैसे देऊन झाल्यावर."

त्यांच्यावर रागवावे असे मला वाटले नाही. सगळेच संग्राहक असे बोलू शकत नाहीत, आणि मनातून बहुतेकांचे असेच असते. दुसऱ्याचे अज्ञान हा या छंदातला मोठा आनंद आहे. मळकट मुठीतून नामांकित पाते निघते तेव्हा जी धडधड होते ती धडधड, समोरच्याला काही ठाऊक नाही, यावर पोसलेली असते. ही गोष्ट तलवारींपुरती नाही. जुनी पुस्तके, नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते जमवणारे माझे मित्र हे वाचून खाली पाहतील. पण ताम्रपटाने कुणाचा जीव घेतलेला नसतो. तलवारीच्या बाबतीत माणूस दोनदा फसवला जातो, एकदा ज्याच्या हातून ती घेतली तो, आणि एकदा ज्याच्या हातून विकत घेतली तो.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मला अशा वेळी आठवतात. त्यांनीही आयुष्यभर जमवले, परदेशातूनही आणले, हेन्री मूरचे शिल्पसुद्धा त्या आडगावी आणून ठेवले. परंतु जमवलेले सगळे टेकडीवर संग्रहालय बांधून १९३८ साली लोकांना पाहायला खुले केले. त्यांना राज्य होते, डॉक्टरांना माडी आहे, हे मान्य. पण दार उघडायला राज्य लागत नाही. मी हे डॉक्टरांना सुचवून पाहिले. कारखान्याची एखादी तलवारही घ्या, जुन्या पात्यांशेजारी ठेवा, चिपटी काढून खोक्यात ठेवली आहे ती पुन्हा मुठीला बांधा, आणि शाळेच्या पोरांना वर्षातून एकदा दाखवा. ते म्हणाले, "पोरे बोटे लावतील."

या वर्षी खंडेनवमीच्या आधी ते आपण होऊन त्या खेड्यात गेले. बरोबर तेलाची बाटली आणि मऊ सुती कापड नेले होते. जी तलवार घ्यायची नाही तिच्यासाठी कोसचे कोस जाणारा संग्राहक मी पाहिलेला नाही. आक्कांना त्यांनी पाते कसे पुसायचे, तेलाचा हात कसा फिरवायचा, हे करून दाखवले आणि कुंकू लावू नका म्हणून विनवले. त्यावर पुष्कळ वेळ घासाघीस झाली. शेवटी पात्याला तेल आणि म्यानाला कुंकू, असे ठरले. पात्यावरचा जुना गंज काढून देऊ का, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा आक्का नको म्हणाल्या. त्यातली काही बोटे सासूबाईंची होती.

जपानला पत्र अजून गेलेले नाही. पाकीट मात्र आणलेले आहे. परवा माडीवर गेलो तेव्हा ते टेबलावर होते, आणि त्याच्यावर वजन म्हणून ती चिपटी ठेवलेली होती.